एकच वजन, दोन लांबी: जुन्या रायफलच्या नळीतली १४ इंचांची भानगड

(ऑडिओ वरच्या प्ले बटणावर आहे. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी खाली लिखित भाग. बोलतानाचे "अं... म्हणजे" बऱ्यापैकी काढलेत, सगळे नाही.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. मेसेज सॅक्रामेंटोहून आला. आपला श्रोता मूळचा नाशिकचा, तिकडे आयटीत आहे. त्याची ओळख झाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी. हा त्याला आजोबाच म्हणतो. आजोबांची शेती कॅलिफोर्नियाच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात, मोडॉक काउंटीत. तिथे लसूणघास पिकवतात, आपण जनावरांना घालतो तोच. आणि त्या घासावर जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी तुटून पडतात. आपल्या झाडावरच्या तीन पट्ट्यांच्या खारीसारख्या गोड नाहीत हां. बिळांनी शेत पोखरतं, यंत्रं अडकतात, गुरांचे पाय मुरगळतात. त्यामुळे तिकडे वसंतात लायसन्स काढून या खारी मारणं हे शेतीच्या कामातलंच एक काम असतं.

तर आजोबांचे हात आता थरथरतात. त्यांनी आपल्या वडिलांची रायफल या पोराला वापरायला दिली. "पॉइंट टू-टू टू-फिफ्टी", लिहिताना .२२-२५०. पोराने दुकानातून तांब्याच्या गोळ्या आणल्या, शंभर यार्डांवर कागद लावला, आणि कागदावर गोल भोकं पडायच्या ऐवजी आडवी भोकं पडली. म्हणजे गोळी नाकाने घुसलीच नाही, कुशीवर आपटली. दोन गोळ्या तर कागदाला लागल्याच नाहीत.

त्याचा प्रश्न शब्दशः असा: "दादा, नळी खराब झालीय का? आजोबांना कसं सांगू की तुमच्या वडिलांची रायफल भंगारात गेली?"

भंगारात नाही गेली रे बाबा. पण का नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

भोवरा

लहानपणी भोवरा फिरवला असेल तर निम्मं समजलंच म्हणून समजा. फिरत असतो तोवर उभा, फिरणं मंदावलं की डुलतो आणि पडतो. गोळीचं तसंच. हवेचा दाब गोळीच्या नाकाकडच्या भागावर जास्त काम करतो आणि वजनाचा मध्य असतो मागे. त्यामुळे गोळीला स्वतःच्या मर्जीवर सोडलं तर ती उलटायलाच बघते. बाणाला मागे पिसं असतात, ती त्याला सरळ ठेवतात. गोळीला पिसं नाहीत, म्हणून तिला फिरवायचं. नळीच्या आत नागमोडी आटे पाडलेले असतात, बाटलीच्या झाकणाला असतात तसे, फक्त खूप लांब पल्ल्याचे. गोळी त्यात घुसते आणि पीळ घेत बाहेर पडते.

हे आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा मारतात, तो आकडा म्हणजे ट्विस्ट. १:१४ म्हणजे १४ इंचांत एक फेरा, १:८ म्हणजे ८ इंचांत एक. आकडा लहान तेवढा पीळ जलद. इथे नवीन माणूस हमखास उलटं समजतो, मीही समजलो होतो.

किती जलद, ते बघा. .२२-२५० मधून साधारण ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या आसपास निघते. नळी १:१४ असेल तर हिशेब करा: मिनिटाला जवळजवळ १ लाख ८५ हजार फेरे. तुमच्या घरचा मिक्सर फुल स्पीडला १८-२० हजार मारतो आणि आई ओरडते. तीच गोळी १:८ नळीतून सोडली तर सव्वातीन लाखाच्या जवळ.

(ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, वजनाचं माप आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या गुंजेचा लांबचा भाऊ समजा.)

लांबी, वजन नाही

आता मुख्य गोष्ट. सगळे गोळीच्या वजनावर बोलतात: "माझी नळी ५५ ग्रेनला चालते." पण नळीला वजन कळतच नाही. तिला कळते लांबी. बुटका भोवरा थोड्या फिरकीवरही उभा राहतो, उंच सडपातळ भोवऱ्याला जोरात फिरवावं लागतं.

हे कागदावर मांडलं अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने, १८७९ साली, तोफांच्या गोळ्यांसाठी. त्याचं सूत्र आजही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बसतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. उत्तर येतो तो ट्विस्ट. वेग २,८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घ्यायचे.

चला, आपल्या श्रोत्याच्या गोळ्या मोजू. मी त्याला व्हर्नियर घेऊन बसवलं. आजोबांच्या जुन्या डब्यातली ५५ ग्रेनची शिशाची, वर तांब्याचं पातळ आवरण असलेली गोळी ०.७४ इंच निघाली. नवी, अख्ख्या तांब्याची, तीही ५५ ग्रेनचीच, ०.८३ इंच. फरक किती? दोन मिलिमीटरच्या जरासा वर. नखाच्या जाडीची चारेक पट म्हणा.

शिशाची गोळी: १८० × ०.२२४ × ०.२२४ ÷ ०.७४. उत्तर १२.२.

तांब्याची: तेच, भागिले ०.८३. उत्तर १०.९. पण थांबा. ग्रीनहिलचं सूत्र शिसं भरलेल्या गोळीची घनता धरून आहे. तांबं हलकं. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. ती दुरुस्ती केली की उत्तर १० च्याही किंचित खाली येतं.

नळी आहे १:१४.

म्हणजे सूत्राप्रमाणे शिशाची गोळीसुद्धा काठावरच होती. ग्रीनहिल जरा सावध माणूस, त्याचं उत्तर सुरक्षित बाजूला झुकतं. म्हणून प्रत्यक्षात १:१४ मधून ५५ ग्रेनच्या बुटक्या शिशाच्या गोळ्या अनेक वर्षं छान उडाल्या. पण तांब्याची गोळी काठावर नाही, ती सरळ दरीत आहे. नळीत काही बिघडलेलं नाही. बदलली ती गोळी.

काठावर असणं म्हणजे काय, याचा एक मोठा धडा अमेरिकन सैन्याने घेतला. सुरुवातीच्या एआर-१५ रायफलींची नळी १:१४ होती आणि गोळी हीच, ५५ ग्रेनची. उन्हाळ्यात ठीक. पण कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, दाट हवा गोळीला उलटवायला जास्त जोर लावते, आणि नेम बिघडायला लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्विस्ट १:१२ केला. मोडॉक सुमारे चार-साडेचार हजार फुटांवर आहे, हवा विरळ, त्यामुळे आजोबांच्या शिशाच्या गोळ्यांना फायदाच मिळत होता. त्यांना ट्विस्टचा विचार करायची वेळच आली नाही.

दोन इंचांनी घात केला

नळीतले दोन इंच एखाद्या कंपनीचा खेळ कसा करतात, याची एक गोष्ट मला फार आवडते.

साल १९५५. अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच वर्षी, एकाच व्यासाचं काडतूस बाजारात आणलं. विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. नाव वेगळं, पण गोळीचा व्यास दोन्हीकडे ०.२४३ इंच. ताकद जवळपास सारखी, उलट रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू थोडी जास्तच मावायची. कागदावर रेमिंग्टन सरस.

रेमिंग्टनने हिशेब केला की हे काडतूस शेतातले उपद्रवी प्राणी मारायला लोक घेतील. त्यांना हलकी, बुटकी, वेगवान गोळी लागते. म्हणून नळी १:१२, गोळ्या ७५ आणि ९० ग्रेनच्या. विंचेस्टरने नळी दिली १:१० आणि गोळ्या ८० आणि १०० ग्रेनच्या.

गिऱ्हाईक काय म्हणालं? "मला एकच रायफल परवडते. उन्हाळ्यात शेतातली बिळं, पावसाळ्यानंतर हरीण." हरणाला १०० ग्रेनची गोळी हवी असं लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. १०० ग्रेनची गोळी साधारण एक इंच लांब. ग्रीनहिलला विचारा: १८० × ०.०५९ ÷ १, म्हणजे साडेदहा. विंचेस्टरची १:१० नळी ती पेलते. रेमिंग्टनची १:१२ नाही.

झालं. ९० ग्रेन आणि १०० ग्रेनमध्ये हरणाला काही फरक कळला असता का? मला नाही वाटत. पण दुकानात फरक पडला. रेमिंग्टनने पुढे ट्विस्ट १:९ केला, तरी .२४४ या नावाला लागलेला डाग निघेना. मग १९६३ मध्ये तेच काडतूस, तीच पुंगळी, "६ एमएम रेमिंग्टन" या नव्या नावाने आणलं. तोवर विंचेस्टर फार पुढे गेलं होतं. आज .२४३ जगभर मिळतं, दुसरं शोधावं लागतं.

हा किस्सा आपल्या श्रोत्याच्या कामाचा यासाठी, की त्याच्या नळीवरही १९६० च्या दशकातला तसाच एक अंदाज कोरलेला आहे. .२२-२५० आधी हौशी लोकांनी घरगुती बनवलेलं काडतूस होतं, जुन्या .२५० सॅव्हेजची मान आवळून केलेलं. रेमिंग्टनने १९६५ मध्ये ते अधिकृत केलं, नळी १:१४. तेव्हा गोळी म्हणजे शिसं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आणि पातळ आवरणाच्या गोळीला उगाच जास्त पीळ दिला तर ती हवेतच फुटते, मागे राखाडी धुराची रेघ दिसते. तेव्हाच्या गोळ्या आजच्याइतक्या समतोलही नसत. कमी पीळ हे त्या काळी शहाणपणच होतं.

मग शिसंच वापर ना!

नाही वापरता येत. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला: कोणत्याही वन्य प्राण्यावर शिशाची गोळी चालवायची नाही. हरीण असो की शेतातली खार.

कारण आहे काँडोर. अमेरिकेतलं अवाढव्य गिधाड. १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरले होते, सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण त्यांच्या पोटात जायचे. मोडॉकमध्ये काँडोर नसले तरी गरुड आणि ससाणे आहेत, आणि खारी मारल्यावर त्या शेतातच पडून राहतात. पक्षी टपलेलेच असतात. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली, गुरांना दिलेल्या औषधाने. २००६ मध्ये त्यावर बंदी आली. मेलेल्या जनावरातून विष, गोष्ट तीच.

आजोबांना हा कायदा आवडत नाही. ते आपल्या श्रोत्याला म्हणाले, "सरकारला माझी नळी पसंत नाही." तक्रार समजू शकतो मी. पण गरुडाचं पारडं माझ्या मते जड आहे.

आता काय करायचं

पहिलं काम, नळी खरंच १:१४ आहे का ते मोजणं. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, दोनदा खात्री. साफ करायच्या सळईला घट्ट चिंधी लावायची, मुठीतली सळई मोकळी फिरणारी हवी. नळीत थोडी सरकवून सळईवर वरच्या बाजूला खूण करायची आणि हळूहळू ढकलायचं. खूण पूर्ण फिरून पुन्हा वर आली की सळई किती इंच आत गेली ते मोजायचं. तीनदा करायचं. पोराने केलं. १४, १४, आणि एकदा पावणेचौदा.

दुसरं, गोळी निवडणं. तांबं हवं आणि बुटकं हवं, म्हणजे वजन उतरवायचं. ३५-३६ ग्रेनच्या शिसेविरहित गोळ्या खास या कामासाठी मिळतात. काहींच्या पोटात तांब्या-कथलाची दाबलेली भुकटी असते, आदळल्यावर तिचा चुरा होतो. बॉक्सवर किंवा कंपनीच्या तक्त्यात किमान ट्विस्ट दिलेला असतो, तो वजनाच्या आधी वाचायचा. हलकी गोळी वाऱ्याने जास्त ढळते, हे खरं. पण खार दीडशे-दोनशे यार्डांवर असते. चारशेवरच्या कोल्ह्यासाठी लोक ७५ ग्रेनच्या लांब गोळ्या आणि १:८ नळ्या घेतात. त्या बढाया ऐकून तुम्ही नळी बदलू नका.

तिसरं, घरी काडतूस भरणं. अमेरिकेत हा मोठा छंद आहे. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्राइमर, मोजून दारू, वर गोळी बसवायची. मी इथे दारूचा एकही आकडा सांगणार नाही, कितीही मेसेज करा. आकडा फक्त गोळीच्या किंवा दारूच्या कंपनीच्या छापील मॅन्युअलमधून, त्याच गोळीसाठी दिलेला, आणि सुरुवात तिथल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून.

"त्याच गोळीसाठी" यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. आजोबांच्या वहीत ५५ ग्रेन शिशाच्या गोळीचं माप पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आणि पोराने ५५ ग्रेन तांब्यासाठी तेच भरायचं ठरवलं होतं. वजन सारखं, मग काय हरकत? हरकत अशी: तांब्याची गोळी लांब. काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवली तर ती पुंगळीत जास्त खोल बसते. आतली जागा कमी झाली, दाब वाढला. शिवाय अख्खं तांबं आट्यांत शिरताना शिशासारखं दबत नाही, तिथेही दाब वाढतो. हा दाब तुमच्या गालापासून एक वीत अंतरावर असतो. बोल्ट उघडायला जड जाणं, प्राइमर सपाट होणं, पुंगळीच्या बुडावर चकाकणारा ठसा उमटणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं. पण ही चिन्हं उशिरा दिसतात, त्यांच्या भरवशावर वर चढत जायचं नाही.

गोळी किती बाहेर ठेवायची, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. तांब्याच्या गोळीला आट्यांपर्यंत थोडी उडी मिळालेली आवडते. बरेच जण ०.०५० इंचापासून, म्हणजे सव्वा मिलिमीटरपासून सुरुवात करतात आणि तिथून कमीजास्त करून बघतात. आधी नळीतलं जुनं शिशा-तांब्याचं कीटण मात्र घासून साफ करा, नाहीतर नव्या गोळीची परीक्षा घेताय की जुन्या मळाची, ते कळणार नाही.

आणि तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की फोटो टाकून मोकळं व्हायचं नाही. तीन हा योगायोग असू शकतो. दहा मारा. मधे नळी गार होऊ द्या. या वेगाच्या काडतुसांत नळीचा घसा, म्हणजे आटे सुरू होतात ती जागा, उष्णतेने लवकर जळते. तापलेल्या नळीत भरलेलं काडतूस ठेवून गप्पा मारत बसू नका, आतली दारू गरम होते आणि दाब चढतो. जुलैच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसं ठेवण्याचंही तेच.

आपल्याकडचं काय?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि शस्त्र, दारूगोळा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतो. घरी काडतुसं भरायचा प्रयोग इथे करायचा नाही. पण पिळाचं गणित रेंजवर तेच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं. त्या खेळातलं .२२ लाँग रायफल काडतूस बघा: ४० ग्रेनची बुटकी शिशाची गोळी, वेग हजार-अकराशे फूट, आणि नळी सहसा १:१६. मिनिटाला ४७ हजारांच्या आसपास फेरे. इतके कमी, आणि तरी ५० मीटरवर दहाच्या वर्तुळात. कारण गोळी आखूड.

शेवटचा मेसेज

नळी बदलायची का? मी म्हटलं, आत्ता नाही. घसा जळून नेम सुटायला लागेल तेव्हा बदल, आणि तेव्हा १:९ घे. ५५ ग्रेन तांबं आरामात चालेल आणि हलक्या गोळ्याही चालतील, फक्त अगदी पातळ आवरणाच्या वापरू नकोस. जुनी नळी मात्र फेकू नकोस.

रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री त्याचा पुन्हा मेसेज आला. हलक्या गोळ्या, मॅन्युअलमधलं सगळ्यात खालचं माप, शंभर यार्ड. दहा भोकं, दहाही गोल, सगळी मिळून एका रुपयाच्या नाण्याखाली जवळजवळ झाकतील अशी. आजोबांनी कागद हातात घेतला, उलटून मागून पाहिला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ही तांब्याची?" मग तो कागद घडी घालून पेन्सिलीच्या वहीत ठेवला.